परदेशी संशोधन आणि सरकारी शिष्यवृत्ती

सार्वजनिक पैशातून परदेशी संशोधन झाले तर समाजाचे काय होते, याचे उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. 1916 साली त्यांनी तेथे भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. 1920 साली पुन्हा लंडनला जाताना आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी मदतीचा हात दिला. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने ते डी. एस्सी. झाले. विद्यापीठे परदेशी, पण प्रश्न आपल्या देशाचे होते.

आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. मात्र केंद्राने 2022 च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. जातिसंस्थेसारखा विषय त्या नियमात बसत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी अर्जापूर्वी त्या वर्षीची नियमावली, विषय, वय व उत्पन्नमर्यादा नीट वाचावी. आणि ही अट उठावी, अशी मागणी आपल्यासारख्या संस्थांनी लेखी करावी.