खारभूमी सल्ला : उघाडीच्या तोंडाशी गाळ येतो कुठून?


(पेण-अलिबाग खारपट्ट्यातल्या सभासदांसाठी)

गाळ पावसात डोंगरावरून येतो, असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं. नदीची बारीक माती गोड्या पाण्यात तरंगत राहते; खारं पाणी लागलं की कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाला बसतात. मग रोजच्या दोन भरत्या तोच चिखल ढवळून वर आणतात. उथळ खाडीत भरती बहुधा कमी वेळात, जोराने चढते; ओहोटी सावकाश उतरते. त्यामुळे आणलेला सगळा गाळ परत जात नाही.

उघाडीचं तोंड म्हणजे तर बंद गल्ली. भरतीला झडप मिटलेली, पाणी थबकलेलं, गाळ तिथेच बसतो. पावसाळ्यात शेतातलं पाणी तो धुऊन नेतं. पण दिवाळीपासून मेपर्यंत धुणारं पाणीच नसतं, भरत्या मात्र चालूच.

झडप उघडते ती आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच झाल्यावरच. बाहेर गाळाचा उंबरठा झाला की खाडी कितीही उतरो, शेतातलं पाणी त्याच्या खाली जात नाही. जुलैत मुसळधार पाऊस नि उधाण एकत्र आलं की भात दिवसेंदिवस बुडून राहतो. झडपेत ओंडका अडकला तर खारं पाणी आत, मग पनवेल-3 सारखं खार सोसणारं वाणसुद्धा रोपात असताना टिकणं कठीण.

म्हणून तोंड मेमध्येच मोकळं करा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सर्वात खाली जाते. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सहा-सातला; खाडीत आत थोडी उशिरा. पण उधाणाचं पाणी परत येतं तेही झपाट्याने, एकट्याने उतरू नका.

काढलेला चिखल काठावर टाकलात तर पुढची भरती तो परत आणेल. बांधावर चढवा, खेकड्यांची बिळं त्यानेच बुजवा. शेतात अजिबात नको, त्यात मीठ आहे. फक्त जुना चर उपसा. समोरची कांदळं तोडू नका. लाटेचा मार तीच झेलतात, शिवाय तोडायला कायद्याने बंदी आहे.

झडप गंजली किंवा मोडली असेल तर ग्रामपंचायतीमार्फत खारभूमी विभागाला लेखी कळवा. ओहोटीच्या वेळचा तोंडाचा एक फोटो काढून ग्रुपवर पाठवा, गावाचं नाव लिहून.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी