चोवीसशे कोटी किलोमीटरवरची दुरुस्ती

१४ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हॉयेजर-१ हे अंतराळयान बरळू लागलं. यानाकडून रेडिओ लहर येत होती, पृथ्वीवरून दिलेल्या आज्ञाही ते पाळत होतं. पण त्या लहरीवर बसून जी माहिती यायची, ती येईना. शून्य आणि एक यांचा एकच नमुना पुन्हा पुन्हा येत राहिला, तबकडीवर सुई अडकावी तसा. सेहेचाळीस वर्षं चाललेल्या यानाचा हा शेवट असेल, अशी धास्ती होती. पाच महिन्यांनी ते पुन्हा नीट बोलू लागलं. यानाला हात लावणं शक्य नसताना ही दुरुस्ती झाली कशी, ते सावकाश पाहू.

व्हॉयेजरवर तीन संगणक आहेत. एक पृथ्वीवरून आलेल्या आज्ञा घेतो, दुसरा यानाचं तोंड योग्य दिशेला ठेवतो. तिसरा, म्हणजे फ्लाइट डेटा सिस्टिम, उपकरणांची मोजमापं आणि यानाच्या प्रकृतीची माहिती गोळा करून तिचं गाठोडं बांधतो आणि ते पुढे प्रक्षेपकाकडे देतो. बिघाड या तिसऱ्यात होता. याचा राखीव जोडीदार १९८१ मध्येच निकामी झालेला. म्हणजे जे काही करायचं ते याच एका संगणकात.

त्यात अंतर चोवीसशे कोटी किलोमीटरचं. प्रकाशाच्या वेगानं जाणाऱ्या संदेशाला तिथे पोचायला तेव्हा साडेबावीस तास लागत आणि उत्तर यायला तेवढेच. सोमवारी सकाळी प्रश्न विचारला तर उत्तर बुधवारी पहाटे. उत्तर पाठवणारा प्रक्षेपकही अवघा तेवीस वॉटचा. ते ऐकायला सत्तर मीटर व्यासाच्या अँटेना लागतात.

१ मार्च २०२४ रोजी अभियंत्यांनी एक आज्ञा पाठवली. तिला ते ‘पोक’ म्हणतात, म्हणजे ढोसणं. संगणकाच्या मेमरीचा काही भाग खराब असेल, तर तो टाळून दुसरीकडून काम करून बघ, एवढाच तिचा अर्थ. ३ मार्चला आलेल्या प्रवाहात एक तुकडा निराळा दिसला. तो नेहमीच्या माहितीच्या साच्यातला नव्हता, म्हणून कुणाला वाचता येईना. अखेर पृथ्वीवरच्या अँटेनांच्या जाळ्यासाठी काम करणाऱ्या एका अभियंत्याने तो उलगडला, आणि १० मार्चला कळलं की त्यात फ्लाइट डेटा सिस्टिमची संपूर्ण मेमरी आहे. मला या साऱ्या कामातला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. रोग्याला बोलता येत नव्हतं, पण त्याने आपल्या डोक्यात काय आहे ते अक्षरन् अक्षर लिहून पाठवलं होतं.

मग बिघाडापूर्वीची मेमरी आणि ही नवी, दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. सुमारे तीन टक्के भाग बिघडलेला निघाला आणि तो सगळा एकाच चिपवरचा. अंतराळातला एखादा तीव्र ऊर्जेचा कण तिच्यावर आदळला असेल, किंवा इतक्या वर्षांनी ती झिजली असेल.

चिप बदलता येणार नव्हती. तिच्यावरचा मजकूर हलवता येणार होता. हे कसं, ते घरातल्या हिशेबाच्या वहीवरून समजेल. वहीच्या एका पानावर तेल सांडलं आणि अक्षरं गेली. तो मजकूर कोऱ्या पानावर उतरवला की झालं, पण या वहीत पूर्ण कोरं पान उरलेलंच नाही. कुठे तळाला चार ओळींची जागा, कुठे समासात दोन. म्हणून मजकुराचे तुकडे करून जागा मिळेल तिथे बसवायचे, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ‘पुढचं अमक्या पानावर’ असं लिहायचं. शिवाय आधीपासून वहीत जिथे जिथे त्या तेलकट पानाचा आकडा दिलेला आहे, तो शोधून बदलायचा. एक आकडा जरी राहिला, तरी संगणक भलत्याच ठिकाणी जाऊन अडकणार. हे नव्यानं मांडलेलं काम आधी पृथ्वीवर चालवून पाहावं, तर तसा जुळा संगणक हाताशी नाही. आधार होता तो कित्येक दशकांपूर्वीच्या कागदपत्रांचा. ज्यांनी ती लिहिली त्यांना असा दिवस येईल याची कल्पना नव्हती, तरीही त्यांनी बारीकसारीक नोंदी केल्या होत्या आणि नंतरच्यांनी त्या जपल्या. या माणसांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

सगळ्यांत आधी यानाची प्रकृती कळवणारा भाग हलवला. १८ एप्रिलला तो पाठवला. २० एप्रिलला उत्तर आलं, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा यानाची तब्येत कळली. मे महिन्यात दोन उपकरणांची मोजमापं सुरू झाली, जूनमध्ये चारही उपकरणांची.

दुरुस्ती झाली तरी यान कायमचं चालणार नाही. यानाला वीज प्लुटोनियमच्या उष्णतेपासून मिळते आणि ती दरवर्षी सुमारे चार वॉटने घटते. त्यापायी फेब्रुवारी २०२५ मध्ये वैश्विक किरण मोजणारं उपकरण बंद करावं लागलं. एकेक दिवा मालवत घर चालवावं तसं हे चाललं आहे. पण २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलेलं हे पहिलं यान. तिथलं मोजून सांगणारं त्याच्याशिवाय एकच आहे, त्याचं भावंड व्हॉयेजर-२. म्हणून या दोघांचा एकेक महिना मोलाचा.

व्हॉयेजर-१ दर सेकंदाला सतरा किलोमीटर दूर जातंय. त्याच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यावरच्या ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये एक मराठीतली आहे. आणि संगीतात गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालं. केसरबाई त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला गेल्या.