पूर्वचारित्र्य-पडताळणी, परदेशी जाणाऱ्या शिक्षकांची

परदेशातील शाळेत वा महाविद्यालयात अध्यापनासाठी येऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीची ओळख, शैक्षणिक अर्हता, पूर्वीच्या नोकऱ्या आणि फौजदारी स्वरूपाचे पूर्ववृत्त यांची नोकरी देणाऱ्या संस्थेने नियुक्तीपूर्वी केलेली छाननी म्हणजे पूर्वचारित्र्य-पडताळणी होय. ‘चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी’ हा शब्दप्रयोग भारतात सरकारी सेवेच्या संदर्भात रूढ आहे. शिक्षकाच्या बाबतीत या छाननीचे महत्त्व अधिक. कारण त्याच्या स्वाधीन अजाण मुले केली जातात. गावच्या शाळेतील गुरुजींची चौकशी गाव नकळत करीतच असतो. परक्या देशात मात्र शिक्षकाला ओळखणारे कोणी नसते, आणि ती उणीव कागदपत्रांनी भरून काढावी लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत इथिओपिया, नायजेरिया, झँबिया इ. आफ्रिकी देशांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने गेले. पुढे आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत आणि त्यानंतर पूर्व आशिया व यूरोप-अमेरिकेतही त्यांना मागणी आली. या प्रदीर्घ काळात जगभर भर होता तो मुख्यतः पदवी आणि विषयज्ञान यांवर. वर्तणुकीविषयी मागील मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र पुरेसे मानले जाई. एकविसाव्या शतकात ही स्थिती पालटली.

या बदलामागे काही दारुण घटना आहेत. इंग्लंडमधील सोहॅम या गावी ऑगस्ट २००२ मध्ये दोन शाळकरी मुलींचा खून झाला. गुन्हेगार तेथील शाळेचा रखवालदार होता. त्याच्याविरुद्धच्या पूर्वीच्या तक्रारी दुसऱ्या परगण्यातील पोलिसांना ठाऊक होत्या. परंतु त्या नियुक्ती करणाऱ्यांपर्यंत पोहोचल्या नाहीत. बिचर्ड चौकशीच्या २००४ मधील अहवालानंतर ब्रिटनमध्ये २००६ साली स्वतंत्र कायदा झाला. एकाच देशातील दोन पोलीस दलांत अशी दरी असेल, तर दोन देशांत ती किती रुंद असावी, याचे उत्तर विल्यम व्हेही या अमेरिकी शिक्षकाच्या प्रकरणाने दिले. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकांवरील अत्याचाराबद्दल त्याला शिक्षा झाली होती. असे असूनही १९७२ पासून सु. चार दशके त्याने इराण, लेबानन, स्पेन, ग्रीस, सौदी अरेबिया, इंडोनेशिया, व्हेनेझुएला, ब्रिटन व निकाराग्वा येथील आंतरराष्ट्रीय शाळांत अध्यापन केले. २०१४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या दुष्कृत्यांची व्याप्ती जगापुढे आली.  तो रीतसर नोकरी सोडून रीतसर दुसरी धरीत होता, आणि प्रत्येक देशाची तपासणी त्या त्या देशाच्या दप्तरापुरतीच पाहत होती.

दक्षिण कोरियाने २००७ नंतर परदेशी भाषाशिक्षकांना गुन्हेनोंद-दाखल्याबरोबरच वैद्यकीय तपासणीची अट घातली. एका परदेशी शिक्षिकेने तीतील एचआयव्ही चाचणीस आक्षेप घेतला. वांशिक भेदभाव निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१५ मध्ये तिच्या बाजूने मत दिले आणि २०१७ मध्ये ती चाचणी रद्द झाली. मुलांच्या सुरक्षिततेच्या नावाखाली सुरक्षिततेशी संबंध नसलेली अटही खपून जाते, हे या उदाहरणावरून दिसते.

भारतीय शिक्षकाला सामान्यतः दोन प्रकारचे कागद सिद्ध करावे लागतात. पहिला पोलीस दाखला. भारतीय पारपत्रधारकास परदेशी नोकरीसाठी हा दाखला परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील पारपत्र कार्यालय देते व त्यासाठी स्थानिक पोलिसांचा अहवाल आधारभूत धरते. देशांतर्गत नोकरीसाठी राज्य पोलिसांकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हे याहून निराळे. या दोहोंची गल्लत अनेकदा होते आणि अर्जदाराचे काही आठवडे फुकट जातात. दुसरा प्रकार शैक्षणिक प्रमाणपत्रांचा. त्यांवरील सह्या-शिक्क्यांची सत्यता प्रथम राज्य शासन व नंतर परराष्ट्र मंत्रालय प्रमाणित करते. हेग येथील ५ ऑक्टोबर १९६१ चा करार भारताला १४ जुलै २००५ पासून लागू झाला. करारात सामील असलेल्या बहुतेक देशांसाठी ‘अपोस्टिल’ हा एकच शिक्का आता पुरतो. सौदी अरेबिया २०२२ मध्ये व चीन २०२३ मध्ये या करारात आला. संयुक्त अरब अमिरातीसारख्या बाहेर राहिलेल्या देशांसाठी त्यांच्या वकिलातीचे प्रमाणन घ्यावेच लागते. अपोस्टिलमुळे सही व शिक्का खरा असल्याचे तेवढे सिद्ध होते. प्रमाणपत्रातील मजकुराची हमी त्यात नसते. म्हणून दक्ष संस्था विद्यापीठाकडे स्वतंत्रपणे विचारणा करतात.

ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते, हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांवरून चांगले ध्यानात येते. लोहमार्गाने कर्जत मुंबईपासून सु. १०० किमी. असून कर्जत–खोपोली फाट्याने खालापूर तालुकाही त्या मार्गाशी जोडलेला आहे. शिक्षण, नोकरी व बिऱ्हाड यांसाठी येथील सुशिक्षितांची ये-जा अंबरनाथ, बदलापूर, पनवेल या शहरांत सतत चालते. पोलीस प्रशासनाच्या दृष्टीने मात्र हे सलग क्षेत्र तीन वेगळ्या घटकांत विभागले आहे. कर्जत, नेरळ, माथेरान, खालापूर व खोपोली ही ठाणी अलिबाग येथील जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अधिकारात येतात. पनवेल नवी मुंबई आयुक्तालयात, तर बदलापूर ठाणे आयुक्तालयात मोडते. नेरळला घर, बदलापूरला काही वर्षे भाड्याची खोली आणि पनवेलच्या शाळेत नोकरी असलेल्या शिक्षिकेचे पूर्ववृत्त अशा रीतीने तीन दप्तरांत विखुरलेले असते. अर्जातील पत्त्यावर ती दीर्घकाळ राहत नसेल, तर चौकशीस आलेल्या पोलिसाला ती भेटत नाही आणि अहवाल अडकतो. डोंगरउतारावरील वाड्या-पाड्यांत घरक्रमांकाची निश्चिती नसते. तेथे गावच्या पोलीस पाटलाचे सांगणेच बहुधा प्रमाण ठरते.

नावांचा घोळ याहून मोठा आहे. कर्जत नावाचा दुसरा तालुका अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात आहे. अर्जात जिल्हा चुकला तर विचारणा त्या ठाण्याकडे जाण्याचा संभव असतो. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पूर्वी कुलाबा असे होते. ज्येष्ठ शिक्षकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जि. कुलाबा’ असते, आणि परदेशी कारकुनाला कुलाबा म्हणजे मुंबईचे दक्षिण टोक एवढेच ठाऊक असते. विद्यापीठाच्या नावातील ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ १९९६ मध्ये झाले. त्यापूर्वीची व नंतरची प्रमाणपत्रे एकाच विद्यापीठाची आहेत, हे पत्राने कळवावे लागते. विवाहित शिक्षिकांची अडचण सर्वांत वारंवार येणारी आहे. पदवी माहेरच्या नावाने, पारपत्र सासरच्या नावाने आणि मधले नाव एका ठिकाणी वडिलांचे तर दुसऱ्या ठिकाणी पतीचे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून ही साखळी सांधता येते. मूळ नाव दडवले असा संशय मात्र अशा अर्जदारांवर पहिल्याने येतो. वास्तविक ज्याला काही दडवायचे आहे, त्याची कागदपत्रे बहुधा अगदी नीटनेटकी असतात.

पोलीस दाखल्यात काय दिसावे, हा वादाचा विषय आहे. गुन्हा नोंदला जाणे आणि तो सिद्ध होणे यांत कायद्याने मोठे अंतर मानले आहे. परंतु दाखल्याच्या व्यवहारात ते पुष्कळदा पुसले जाते. मोर्चा वा रास्ता रोको यांत सहभागी झाल्याबद्दल दाखल झालेला व वर्षानुवर्षे प्रलंबित असलेला खटलाही अर्जदाराची वाट अडवू शकतो. १९६७ च्या पारपत्र अधिनियमानुसार फौजदारी खटला प्रलंबित असलेल्यास पारपत्र नाकारता येते. तथापि १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाच्या परवानगीने ते मर्यादित मुदतीसाठी मिळू शकते. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी अर्जात खरी माहिती देण्यावर भर दिला व क्षुल्लक स्वरूपाच्या प्रकरणाकडे नियुक्ती करणाऱ्यास दुर्लक्ष करता येईल, असेही म्हटले. हा निर्णय सरकारी सेवेपुरता आहे. परदेशी शाळेवर तो बंधनकारक नाही.

भारतातील शाळांवरही आता हे कर्तव्य आहे. बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण अधिनियम २०१२ साली झाला. त्याखालील २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नित्य संपर्क असलेल्या प्रत्येक संस्थेने अध्यापक व इतर सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करावयाची आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची २० सप्टेंबर २०१८ पासून अस्तित्वात आहे. परंतु ती केवळ तपास यंत्रणांना पाहता येते, शाळेला नाही. नियम असूनही तो किती पाळला जात होता, हा प्रश्न ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील घटनेने ऐरणीवर आणला. शाळेतील कंत्राटी सफाई कामगारावर दोन बालिकांवरील अत्याचाराचा आरोप झाला. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली व कर्जतकडची उपनगरी वाहतूक अनेक तास बंद पडली. त्यानंतर राज्य शासनाने शाळांतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीसह सुरक्षिततेच्या उपाययोजनांचे आदेश काढले, तर मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

वरील प्रकरणांचा एकत्रित विचार केला असता दाखल्याची मर्यादा स्पष्ट होते. एका राज्ययंत्रणेच्या दप्तरात विशिष्ट दिवशी प्रतिकूल नोंद आढळली नाही, एवढेच तो सांगतो. तक्रार दाबली गेली, तडजोडीने राजीनामा घेतला गेला किंवा प्रकार दुसऱ्याच देशात घडला, तर दाखला स्वच्छच राहतो. म्हणून पूर्वीच्या प्रत्येक संस्थेला थेट विचारणे हा या छाननीचा गाभा होय. नोकऱ्यांमधील रिकाम्या वर्षांचा खुलासा, नोकरी सोडण्याचे खरे कारण आणि ‘या व्यक्तीला पुन्हा घ्याल काय’ हा साधा प्रश्न दाखल्यापेक्षा अधिक सांगून जातो. शिफारसपत्र अर्जदाराच्या हातून न घेता संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर लिहून मागवावे, असा संकेत आहे. व्हेही प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनी २०१४ मध्ये स्थापलेल्या कृतिदलाने अशाच दिशेने कार्य केले. ब्रिटनमध्ये काम केलेल्या व्यक्तीसाठी तेथील पोलीस यंत्रणेकडून आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्रही मिळते.

उलट दिशेची छाननी मात्र फारच दुबळी आहे. शाळा शिक्षकाची चौकशी करते. शिक्षकाला शाळेची चौकशी करता येईल असे साधन जवळपास नाही. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली नोंदणी केलेल्या दलालालाच परदेशी नोकरभरती करता येते, आणि आखाती देशांसह ठराविक देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांचा करार उत्प्रवासी संरक्षकाच्या नजरेखालून जातो. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ही पूर्वपरवानगी लागत नाही. परिणामी पदवीधर शिक्षकाचा करार कोणी सरकारी अधिकारी पाहतच नाही. परिचारिकांच्या बाबतीत ही उणीव २०१५ मध्ये दूर करण्यात आली व त्यांना पारपत्राचा प्रकार कोणताही असला तरी त्या देशांसाठी परवानगी आवश्यक झाली. शिक्षकांसाठी तशी तरतूद झालेली नाही. पडताळणीच्या नावाखाली मूळ प्रमाणपत्रे व पारपत्र ताब्यात ठेवणाऱ्या दलालापासून सावध राहण्याची जबाबदारी त्यामुळे अर्जदारावरच पडते. छाननीसाठी मूळ कागद दाखवावे लागतात व प्रती द्याव्या लागतात. पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता असल्याने ते अडकवून ठेवण्याचा अधिकार खासगी दलालास नाही.