ट्रॅक संपतो तिथे

पुण्याच्या सायकलींवर लिहायला बसलं की लेखणी हमखास जुन्या आठवणींकडे वळते. पालिकेचा बिल्ला, दिवा नसला की पोलिसाने अडवणं, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटल्यावर रस्ताभर पसरणाऱ्या सायकली. मला मात्र गेल्या वीसेक वर्षांचा हिशेब मांडायचा आहे. सायकलस्वारांच्या नावाने या शहरात सर्वांत जास्त बांधकाम झालं ते याच काळात, आणि लोकांनी भीतीपोटी सायकल सोडली तीही याच काळात.

२००६ साली राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आलं. रस्ता वाहनांसाठी नाही, माणसांसाठी आहे, असं सरकारने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडलं. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या पैशातून रस्ते रुंद होत होते आणि त्यांच्या कडेने सायकल ट्रॅक आखले जात होते. कागदावर ते सलग होते. प्रत्यक्षात कुठे बसथांबा आडवा आला, कुठे विजेच्या डीपीची पेटी, कुठे झाड, तर कुठे दुकानासमोर लावलेल्या दुचाकी. दर काही पावलांवर सायकल खाली उतरवायची, पुन्हा चढवायची. रोज कामावर जाणारा माणूस हे आठवडाभर करतो आणि मग मुख्य रस्त्यानेच जाऊ लागतो. त्यावर आपण म्हणतो, ‘ट्रॅक बांधले, पण वापरतंय कोण?’

अपघाताचं खरं ठिकाण चौक आहे, आणि आपले ट्रॅक नेमके चौकाच्या अलीकडे संपतात. डाव्या कडेने सरळ जाणारी सायकल आणि डावीकडे वळणारा डंपर एकाच वेळी सिग्नलवरून सुटतात. खेटून असलेली सायकल चालकाला उंच केबिनमधून दिसत नाही. डंपरचं पुढचं चाक मोठा वळसा घेऊन निघून जातं, सायकलस्वाराला वाटतं आपण वाचलो. पण मागचं चाक आतून कोपरा कापत येतं. यात सायकलस्वार क्वचितच वाचतो. हेल्मेट असलं तरी फार फरक पडत नाही.

लंडनने हाच धडा मोठी किंमत मोजून घेतला. तिथे २०१० मध्ये निळ्या रंगाचे सायकलमार्ग सुरू झाले. बऱ्याच ठिकाणी तो नुसता रंगच होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये दोन आठवड्यांत सहा सायकलस्वार मृत्युमुखी पडले. शहर हादरलं. पुढच्या काही वर्षांत मधे कठडे घातलेले मार्ग झाले आणि मोठ्या चौकांत सायकलींना वेगळा सिग्नल मिळाला. आपल्याकडे रंग उडाला की पुन्हा रंग देतात.

२०१७ मध्ये पुण्यात जंगली महाराज रस्त्याचं रूप पालटलं, डिसेंबरात पालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत बऱ्याचशा दिसेनाशाही झाल्या. आराखडा अभ्यास करून केलेला होता. अंमलबजावणी मात्र सुट्या तुकड्यांतच राहिली.

मोठ्या अपघाताची निदान बातमी होते. चेंबरच्या जाळीत चाक अडकून, वर आलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घसरून किंवा उघडलेल्या मोटारीच्या दारावर आपटून जे पडतात, त्यांची होत नाही. पडताना माणूस हात टेकतो. मनगट मोडतं, नाहीतर हासळीचं हाड. रोजंदारीवरच्या माणसाचे दीड-दोन महिने जातात. पंचनामा नाही, म्हणून आकडेवारीत तो नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सायकलस्वार सुमारे तीन टक्के. आकडा लहान दिसतो, पण रस्त्यावर सायकली उरल्यात किती, हे धरल्याशिवाय तो वाचू नये. आणि उरलेत ते कोण? रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, बांधकामावरचे मजूर, पहाटे पेपर टाकणारी मुलं. अंधारात, मोकळ्या रस्त्यावर, वाहनं सुसाट असतात तेव्हा यांचीच ये-जा असते. ट्रॅक कुठे हवा, हे त्यांना कधी कोणी विचारताना मी पाहिलं नाही.

त्यांना सांगायला हवी अशी गोष्ट वेगळीच आहे. सायकलला विमा नसला, तरी चूक धडक देणाऱ्याची असेल तर त्याच्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मागता येते. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून केंद्राच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये आहेत. दोन्हीकडे आधार लागतो तो पोलिसांतल्या नोंदीचा. कपडे झटकून, लंगडत घरी गेलेल्या माणसाकडे तीच नसते.