गोदामातली हवा: मुळशीतले पाच गैरसमज

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम मागे टाकून पिरंगुटपर्यंत पत्र्याच्या शेड दिसू लागतात. याच मुळशी तालुक्यात हिंजवडीही येतं. ग्रीन बिल्डिंगचं मानांकन तिथल्या काचेच्या इमारतींनी मिरवायचं, गोदामाला त्याचं काय, असं जागामालक आणि भाडेकरू दोघंही धरून चालतात.

गैरसमज: हे निकष ऑफिसांसाठीच असतात.
वस्तुस्थिती: इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने लॉजिस्टिक पार्क आणि गोदामांसाठी वेगळी मानांकन पद्धत केली आहे. अमेरिकेच्या ‘लीड’ मानांकनातही गोदाम हा स्वतंत्र प्रकार आहे. वायुवीजनाचं जगभर वापरलं जाणारं ‘अ‍ॅशरे ६२.१’ हे मानक ऑफिसात माणशी सेकंदाला २.५ लिटर बाहेरची हवा मागतं, गोदामात ५ लिटर. क्षेत्रफळाच्या हिशेबाची हवा दोन्हीकडे वेगळी धरायची. ओझं उचलणाऱ्याचा श्वास खुर्चीतल्या माणसापेक्षा जोरात चालतो, हे विसरून चालत नाही.

गैरसमज: शेड एवढी उंच, मग हवा कमी कशी पडेल?
वस्तुस्थिती: १९४८ च्या कारखाने कायद्याने माणशी १४.२ घनमीटर जागेचं माप घातलं, पण जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा त्यात धरायची नाही, असंही बजावलं. म्हणजे १२ मीटर उंचीच्या शेडमधली वरची ७.८ मीटर हिशेबाबाहेर. वर तापलेली हवा साठते. ती काढायला छतावर टर्बो व्हेंटिलेटर बसवतात, पण खाली भिंतीत जाळ्या नसतील आणि शटर बंद असेल, तर हवा आत यायला वाटच उरत नाही. पंखा नुसता फिरत राहतो.

गैरसमज: निकष पाळायचे तर अख्ख्या गोदामाला एसी लावावा लागेल.
वस्तुस्थिती: ‘लीड’च्या चौथ्या आवृत्तीत साठवणुकीच्या आणि मालाच्या वर्गवारीच्या भागासाठी सोपे पर्याय आहेत: हवा खेळवणारे पंखे, रात्रीची गार हवा आत घेणं, उष्ण हवा बाहेर सोडणं किंवा कामाच्या जागेपुरता कूलर. माणूस रोज सरासरी तासाहून अधिक वेळ जिथे उभा असतो, त्या जागेचा विचार आधी करायचा. पॅकिंगचं टेबल त्यात येतं, रॅकचा सातवा मजला नाही. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याची धग थेट डोक्यावर उतरते, म्हणून पत्र्याखाली इन्सुलेशन आणि वर पांढरा थर ही पहिली कामं.

गैरसमज: छतात पारदर्शक शीट टाकल्या की उजेडाचा प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: रॅकची मांडणी नंतर ठरली, तर तो उजेड मालाच्या डोक्यावर पडतो आणि लेबल वाचणारी बाई अंधाऱ्या बोळातच राहते. शीट बोळांच्या वर हव्यात, उजेड पसरवणाऱ्या हव्यात. नाहीतर उजेडाबरोबर उष्माही आत येतो.

गैरसमज: मुळशीची हवा थंड. उन्हाळा सरला की चिंता नाही.
वस्तुस्थिती: खरी परीक्षा पावसाळ्यात असते. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणी घाटात ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पिरंगुटला घाटाइतका पडत नाही, पण झोडपा आला की शटर खाली ओढावंच लागतं. मग पुठ्ठा ओल धरतो, तळातली खोकी मऊ पडतात आणि थप्पी कलते. त्याच बंद शेडमध्ये डिझेलची फोर्कलिफ्ट फिरत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला वासही नाही, रंगही नाही. बॅटरीवरची गाडी त्याहून बरी. मात्र लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो हलका असल्याने छताखाली जमतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून चार्जिंगच्या जागेला वरून हवा जायला वाट लागतेच. जाळ्यांना पावसाची झडप असली, तर शटर बंद असतानाही हवा खेळती राहते.

यातला बराचसा खर्च शेड उभी राहण्याआधी केला तर थोडक्यात होतो, नंतर पत्रा कापावा लागतो. त्यामुळे भाडेकरार करताना चौरस फुटांच्या दराबरोबर एवढंही विचारावं: शटर बंद असताना पॅकिंगच्या टेबलापाशी बाहेरची हवा कुठून येते? उत्तर नकाशावर बोट ठेवून मिळालं पाहिजे.