खडकावरचा बहर : क्रीट, कास आणि आपले पाट

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घराच्या अंगणात कण्हेर दिसली, की ती शंकराला वाहण्यासाठी लावली आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. हीच कण्हेर भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर कोरड्या ओढ्यांच्या पात्रात आपसूक वाढते. तिचा चीक विषारी, त्यामुळे शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात सगळा डोंगर वाळून पिवळा पडलेला असताना ओढ्याच्या गोट्यांमधून तिची गुलाबी रांग तेवढी उठून दिसते. आपण जिला बागेतलं झाड समजतो, तिचं रान असं आहे.

भूमध्य समुद्रातल्या बेटांवर केवळ फुलं पाहायला माणसं जातात. दहा-पंधराजणांचा गट, सोबत एक वनस्पतिशास्त्रज्ञ, प्रत्येकाच्या गळ्यात भिंग आणि दिवसभरात जेमतेम तीन-चार किलोमीटर चाल. समुद्रकिनारा आणि बाजारहाट या सहलींत नावापुरतेच. मला या सहलींबद्दल आदर वाटतो, कारण त्यांत ठिकाणं उरकण्याची घाई नसते. एका उतारावर तासभर बसून राहणं हाच तिथला कार्यक्रम.

क्रीट हे सुमारे 250 किलोमीटर लांबीचं, अरुंद बेट. त्याच्या कण्यावर 2,400 मीटरहून उंच पर्वत आहेत. सतराशेहून अधिक जातींच्या वनस्पती तिथे आढळतात आणि साधारण दहातली एक जात जगात दुसरीकडे कुठेही नाही. पाऊस हिवाळ्यात पडतो. मार्च-एप्रिलमध्ये बहर येतो आणि जून उजाडेपर्यंत बहुतेक सगळं सुकतं. म्हणून तिथल्या कितीतरी फुलांनी आपला संसार जमिनीखाली कंदात मांडला आहे. ट्यूलिप म्हटलं की आपल्याला हॉलंडची शेतं नाहीतर श्रीनगरची बाग आठवते. क्रीटच्या ओमालोस पठारावर रानटी ट्यूलिप वीतभर उंचीचं, फिकट जांभळं, मधोमध पिवळं असतं आणि दगडांच्या फटीतून वर येतं.

या फुलांची कीर्ती जुनी आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर 1700 मध्ये क्रीटला उतरला, तेव्हा त्याने चित्रकार सोबत घेतला होता. ऑक्सफर्डचा प्राध्यापक जॉन सिबथॉर्प 1786-87 मध्ये या बेटांवरून फिरला. त्याच्याबरोबर फर्डिनांड बाउअर हा असामान्य चित्रकार होता. प्रवासात रंग कालवत बसायला सवड नसे, म्हणून बाउअर पेन्सिलीने रेखाटन करी आणि पाकळीच्या, देठाच्या, पानाच्या प्रत्येक छटेवर एक आकडा लिही. प्रत्येक छटेचा आकडा ठरलेला. ऑक्सफर्डला परतल्यावर त्या आकड्यांवरून त्याने चित्रं रंगवली. सिबथॉर्प 1796 मध्ये गेला. त्याचा ‘फ्लोरा ग्रीका’ हा ग्रंथ 1806 ते 1840 या काळात दहा खंडांत छापून पूर्ण झाला. त्यात 966 चित्रं आहेत. एका सहलीतून सुरू झालेलं हे काम सिबथॉर्पच्या आयुष्याहून लांबलं.

लोक दुरून येतात ते मुख्यतः ऑफ्रिस नावाच्या आमऱ्यांसाठी, म्हणजे ऑर्किडसाठी. या फुलाची खालची पाकळी मधमाशीच्या अंगासारखी दिसते. तशीच तपकिरी, मखमली, केसाळ. तिला मादीसारखा वासही येतो. नर येऊन बसतो, फसतो आणि परागांचे गोळे डोक्याला चिकटवून पुढच्या फुलावर जातो. मध मात्र त्याला थेंबभरही मिळत नाही.

बागांचा मान या बेटांवर आहेच. नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर संगीतकार विल्यम वॉल्टन आणि त्याची पत्नी सुसाना 1949 मध्ये राहायला गेले. ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेल्या खाणीसारख्या जागेत रसेल पेज या उद्यानरचनाकाराने 1956 मध्ये ‘ला मोर्तेल्ला’ बागेचा आराखडा आखला. पुढे अनेक दशकं सुसानाबाईंनी ती हाताने वाढवली आणि 1991 पासून ती लोकांसाठी खुली आहे. बाग देखणी आहे. पण बाग पैसा आणि चिकाटी असेल तर कुठेही उभी राहते, रानफुलांचा माळ कुणाला लावता येत नाही. म्हणून या लेखात मला माळाविषयी अधिक बोलायचं आहे. त्यासाठी भूमध्य समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही.

साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे 25 किलोमीटरवर, बाराशे मीटर उंचीवर कासचं पठार आहे. सह्याद्रीचे हे सडे म्हणजे एका अर्थी बेटंच. खाली दरीत जंगल आणि भातखाचरं, वर उघडा, सपाट जांभा. एका सड्यावरचं बी दुसऱ्या सड्यावर सहजी पोहोचत नाही. शेकडो शतकं असं वेगळं राहिल्यावर जे बेटांवर होतं तेच इथे झालं : जगात दुसरीकडे नसलेल्या जाती या उंच खडकांवर घडल्या. कासवर फुलझाडांच्या साडेआठशे जाती असल्याचं सांगितलं जातं. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतली चार महाराष्ट्रातली : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

कासवर मातीचा थर अनेक ठिकाणी बोटभरही नाही. खाली अभेद्य खडक, चार महिने त्यावर पाणी, उरलेले आठ महिने रखरखाट. झाड उभं राहू शकत नाही आणि म्हणूनच फुलांना उघडं आकाश मिळतं. क्रीटमध्ये हिवाळ्याचा पाऊस जे करतो ते इथे मोसमी पाऊस करतो. ऋतू उलटा, युक्ती तीच. आमऱ्या, चवर, सापकांदा, दिपकाडी ही सगळी मंडळी कोरड्या महिन्यांत कंदाच्या रूपाने जमिनीत दडून बसतात. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रंग दर पंधरवड्याला बदलतो. आधी पांढरे गेंद आणि गुलाबी तेरडा, मग निळी-जांभळी सीतेची आसवं, मग सोनकीचा आणि कवळ्याचा पिवळा. कारवीचा बहर तर सात-आठ वर्षांतून एकदाच येतो.

चांगला वाटाड्या भेटला तर कास गुडघ्यावर बसून पाहायचं. तो सीतेच्या आसवांचा एक झुबका दाखवतो. फूल नखाएवढं, देठ दोऱ्याएवढा, पान शोधावं तर सापडत नाही. मग तो ओल्या मातीकडे बोट करतो. तिथे, मोहरीपेक्षा कितीतरी लहान अशा पिशव्या या वनस्पतीच्या अंगाला लागलेल्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसाला लागला, की झडप उघडते, पाण्यासकट जीव आत ओढला जातो आणि झडप मिटते. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधीच. इतकं नाजूक फूल शिकार का करतं? कारण या मातीत नायट्रोजन जवळजवळ नाहीच. तो किड्यांच्या अंगातून मिळवावा लागतो. शेजारीच दवबिंदू नावाची दुसरी शिकारी वनस्पती असते. तिच्या पानांवर चिकट थेंब चमकतात आणि चिलटं त्यांनाच चिकटतात.

सड्याच्या कडेला गवतात खर्चुडी सापडली तर नशीब. तिचं फूल उभ्या कंदिलासारखं. माशी वरच्या खिडकीतून आत शिरते, नळीतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तिला बाहेर येता येत नाही. फुलाचा दांडा कलला आणि केस सुकले, की तिची सुटका होते, आणि ती पराग घेऊन निघते. क्रीटच्या ऑफ्रिससारखीच ही फसवणूक. फरक इतकाच, की तिथे पाहुण्याला भुलवलं जातं आणि इथे त्याला कोंडून ठेवलं जातं.

सह्याद्रीच्या वनस्पतींची नोंद जुनी आहे. मुंबईच्या परिसरातल्या वनस्पतींची जॉन ग्रॅहमची यादी 1839 ची, डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 चा, थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळातला. एवढं होऊनही सातारा जिल्ह्यातल्या सड्यांवर उथळ पाण्यात दोन फाट्यांचा तुरा घेऊन उभा राहणारा वायतुरा शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला तो 1982 मध्ये, सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव यांच्या हातून. त्याचं शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. साताऱ्याचं नाव त्याने जगभर नेलं. गुराख्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला असेल. पाहणारे होते, विचारणारे उशिरा आले. श्रीकांत इंगळहळीकरांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’सारख्या पुस्तकाने नंतर हे ज्ञान सामान्य भटक्याच्या पिशवीत आणून ठेवलं, ही मराठी मुलखावर केलेली मोठी मेहेरबानी आहे.

वारशाचा शिक्का बसल्यावर गर्दी उसळली. सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या रांगा, फुलांत लोळून काढलेले फोटो, तुडवलेले गालिचे. आता कास, कासाणी, एकीव, आटाळी या परिसरातल्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या हंगामाचं काम पाहतात. आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला 3,000 पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली. गावातली पोरं वाटाडे झाली. ही व्यवस्था मला मनापासून पटते, कारण फुलांचा पैसा फुलांच्या शेजाऱ्यांना मिळतो.

कुंपणाची गोष्ट मात्र थांबून सांगण्याजोगी आहे. गर्दी आवरायला पठाराला तारेचं जाळीदार कुंपण घातलं गेलं. त्याने माणसं अडली, तशी गुरंही अडली. चराई थांबल्यावर गवत माजलं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळेना. अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी हे लक्षात आणून दिलं आणि अखेर कुंपण काढण्यात आलं. क्रीटवर याच प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. तिथली कित्येक दुर्मीळ फुलं उभ्या कड्यांवर टिकली ती शेळी तिथे पोहोचत नाही म्हणून. ऑरिगॅनम डिक्टॅम्नस ही क्रीटची प्रसिद्ध औषधी त्यातलीच. पण आमऱ्यांचे माळ उघडे राहिले ते मेंढ्यांनी झुडपं खाल्ली म्हणून. चराई अती झाली तर नाश, अजिबात नसली तरी नाश. किती असावी हे नियमावलीपेक्षा त्या जागी रोज वावरणाऱ्याला अधिक ठाऊक असतं, असं माझं मत आहे.

आता आपल्या घरचं. रायपूरला बसून कासविषयी लिहिण्याचं खरं कारण हे आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरले, पुढे बिंबाजी भोसले रतनपूरला राहिले आणि त्यांच्यामागून मराठी माणूस या मुलखात आला. पण आपल्या आधी दख्खनचा दगड इथे पोहोचला होता. ज्या लाव्हाने सह्याद्री घडला त्याच लाव्हाचे तुकडे अमरकंटकला आणि सरगुजातल्या मैनपाटावर आहेत. त्यांच्या माथ्यावर तोच लाल जांभा आहे. मैनपाट, सामरीपाट, पंडरापाट ही हजार मीटरच्या आसपासची सपाट माथ्यांची बेटं कासची लांबची भावंडं आहेत. जांभ्यात ॲल्युमिनियम जास्त असलं की त्याला बॉक्साइट म्हणतात, आणि म्हणूनच या पाटांवर खाणी आल्या. मैनपाटावर, कबीरधाम जिल्ह्यातल्या दलदली या गावी, पूर्वी अमरकंटकलाही. खाणीत पहिल्यांदा जातो तो वरचा बोटभर थर. कासवर सगळी फुलं त्याच थरात राहतात.

मैनपाटावर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिबेटी निर्वासित वसवले गेले. त्यांनी आणलेला टाऊ, म्हणजे कुट्टू, दिवाळीच्या सुमारास फुलतो आणि पांढऱ्या-गुलाबी शेतांचे फोटो हल्ली सगळीकडे फिरतात. अमरकंटकच्या गुलबकावलीचं नाव तर घरोघरी, डोळ्यांच्या औषधामुळे. पण पाटांच्या उघड्या खडकावर श्रावण-भाद्रपदात काय उगवतं, हे आपल्यापैकी किती जणांनी वाकून पाहिलं आहे? पर्यटक जलजलीच्या हलणाऱ्या जमिनीवर उड्या मारतात आणि ‘उलटा पानी’चा, म्हणजे चढाकडे वाहत असल्याचा भास होणाऱ्या पाण्याचा, चमत्कार पाहून परततात. ती जमीन हलते म्हणजे खाली पाणी धरून ठेवलेलं आहे. अशाच जागी शिकारी वनस्पती आणि गेंद शोधायचे असतात.

मला वाटतं, रायपूरच्या मराठी मंडळींनी दोन सहली काढाव्यात. पहिली कासची. आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्याला उतरून रस्त्याने सातारा गाठता येतो, किंवा गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट साताऱ्याला नेते. सप्टेंबरचा मधला आठवडा धरावा, शनिवार-रविवार टाळावा, नोंदणी आधी करावी आणि गावातला वाटाडा घ्यावाच. दिवस हाती असतील तर पन्हाळ्याजवळचं मसाई पठार आणि पवनचक्क्यांचं चाळकेवाडी हेही पाहावं. तिथेही फुलं आहेत आणि गर्दी कमी. तिथे डोळा तयार होतो.

दुसरी सहल पुढच्या पावसाळ्यात मैनपाटाची. दुर्ग-अंबिकापूर गाडीने रात्रीत अंबिकापूर, तिथून रस्त्याने वर. वही, भिंग, मोजपट्टी आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारा एखादा प्राध्यापक सोबत असावा. गावातल्या म्हाताऱ्याला विचारून प्रत्येक फुलाचं स्थानिक नाव आधी लिहावं, फोटोवर तारीख आणि जागा टाकावी, फूल तोडू नये. महाराष्ट्र मंडळाने अशी एक यादी चार पावसाळ्यांत तयार केली, तरी खाणीच्या प्रत्येक जनसुनावणीत ती टेबलावर ठेवता येईल. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी या दिवाळीतच आपापल्या घरी आणि मंडळात हा विषय काढावा.