स्वयंपाकघरातले ‘रहस्यगृह’

दिवाळीच्या सुट्टीत घरोघर एक संवाद हमखास ऐकू येतो. “अरे, फराळाच्या बशा भरून ठेवल्यात, आता तरी तो गेम बंद कर!” असे आई स्वयंपाकघरातून ओरडते आणि “दोनच मिनिटं, आई!” असे उत्तर बाहेरच्या खोलीतून येते. ती दोन मिनिटे कधीच संपत नाहीत, हा तुमचा-आमचा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु संगणकावरच्या गोष्टीरूप खेळांना चित्रांची जोड प्रथम दिली ती अशाच एका आईने, आणि तीही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, हे सांगितले तर कित्येकांना खरे वाटणार नाही.

रोबर्टा विल्यम्स हे त्या बाईंचे नाव. जन्म १९५३ साली, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरी. स्वभाव लहानपणापासून भिडस्त. परीकथांचे वेड मात्र विलक्षण. एकोणिसाव्या वर्षी केन विल्यम्स या तरुणाशी त्यांचे लग्न झाले आणि पुढे दोन मुलगे झाले. केन संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचे काम करीत. बाईंना त्या यंत्राचे फारसे प्रेम नव्हते.

१९७९ साली केननी कामासाठी घरी एक टंकयंत्र आणले. टेलिफोनच्या तारेने ते दूरच्या मोठ्या संगणकाशी जोडलेले असे. त्या संगणकावर त्यांना एक खेळ सापडला. खेळ कसला, नुसती वाक्ये! तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात. उत्तरेला जा, दिवा घे, असे दोन शब्द टंकायचे, की पुढे काय झाले ते यंत्र कागदावर छापून देई. विल क्राउथर या प्रोग्रामरने केंटकीतल्या खऱ्याखुऱ्या गुहेवरून तो रचला होता, आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी. पुढे डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. रोबर्टाबाईंनी सहज म्हणून तो खेळ सुरू केला आणि त्या गुहेत त्या पार हरवून गेल्या. धाकटा मुलगा तेव्हा अवघ्या काही महिन्यांचा. त्याला सांभाळत, रात्रीचा दिवस करून बाईंनी गुहेचा कोपरान् कोपरा शोधून काढला, तेव्हाच त्यांना चैन पडले.

खेळ संपला आणि हुरहूर लागली. तसे दुसरे खेळ फार थोडे, आणि तेही निव्वळ शब्दांचे. मग बाईंच्या मनात आले, गोष्टीच्या पुस्तकात चित्रे असतात, तर गोष्टीच्या खेळात का नसावीत?

झाले! टेबलावर मोठाले कागद पसरले गेले. जुना वाडा, त्यात सात माणसे, आणि एकामागून एक पडणारे खून! अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांचा ठसा त्यावर स्पष्ट होता. कोणत्या खोलीतून कुठे जाता येते, किल्ली कुठे, पुरावा कुठे, याचे नकाशे तयार झाले. पतिराजांना मात्र प्रथम त्यात राम वाटेना. तेव्हा बाईंनी त्यांना बाहेर जेवायला नेले आणि जेवता जेवता सारी कथा रंगवून सांगितली. जेवण संपेतो केनही त्यात गुंतले.

अडचण होती ती यंत्राची. त्यांच्या घरच्या ‘अ‍ॅपल टू’ संगणकाची स्मरणशक्ती इतकी तोकडी, की आजच्या मोबाईलवरच्या एका छायाचित्राला तिच्या कितीतरी पट जागा लागते. मग सत्तर चित्रे मावायची कशी? यावरची युक्ती आपल्या गृहिणींना चटकन कळेल. ठिपक्यांची रांगोळी मैत्रिणीला टेलिफोनवर सांगायची झाली तर आपण कसे सांगतो? या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढ, असे. केननी तेच केले. चित्र साठवायचेच नाही. रेघा कुठून कुठे ओढायच्या, तेवढे साठवायचे. चित्रे बाईंनी काढली आणि आज्ञावली केननी लिहिली.

१९८० च्या मे महिन्यात ‘मिस्टरी हाउस’ विक्रीला आले. तबकडी आणि एक छापील कागद प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत घातलेला, किंमत २४ डॉलर ९५ सेंट. कोणी खेळात अडकला, की तो थेट विल्यम्स कुटुंबाच्या घरी फोन करी आणि बाई त्याला वाट सांगत! बघता बघता दहा हजारांवर प्रती खपल्या. त्याच वर्षी त्यांचा पुढचा खेळ रंगीत चित्रांसह आला. कुटुंबाने शहर सोडले आणि योसेमिटीच्या डोंगरांजवळ, ओकहर्स्ट या लहानशा गावाच्या परिसरात बिऱ्हाड थाटले. ‘सिएरा ऑन-लाइन’ ही प्रसिद्ध कंपनी तिथे वाढली.

सारेच दिवस सोन्याचे नव्हते. १९८२ चा ‘टाइम झोन’ हा अवाढव्य खेळ ९९ डॉलर किमतीला विकायला काढला आणि तो फसला. पुढच्या मंदीत कंपनी बुडता बुडता वाचली. तारले ते १९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’ने. यात राजवाडे, राक्षस, जादूचे आरसे, म्हणजे बाईंच्या लाडक्या परीकथाच होत्या. आता चित्रातला नायक हिंडू-फिरू लागला होता. १९८८ साली चौथ्या भागात त्यांनी नायकाच्या जागी राजकन्या रोझेला आणली. आजारी बापासाठी औषधी फळ आणायला ती निघते. त्या काळी बहुतेक खेळांचे नायक पुरुषच असत, तरी बाईंनी धाडस केले आणि खेळणाऱ्यांनी ते उचलून धरले.

१९९६ साली कंपनी विकली गेली. दोनच वर्षांनी नव्या मालकांच्या हिशेबातला प्रचंड घोटाळा उघडकीस आला. १९९९ च्या फेब्रुवारीत ओकहर्स्टचा स्टुडिओ बंद झाला आणि त्या गावातली अनेक माणसे एका दिवसात बेकार झाली. त्याआधीच रोबर्टाबाईंनी आपला शेवटचा ‘किंग्ज क्वेस्ट’ पूर्ण केला होता. त्या खेळांच्या जगातून निघून गेल्या आणि नवऱ्याबरोबर बोटीने समुद्रपर्यटन करू लागल्या. त्यांचे नाव घेतल्यावाचून या खेळांचा इतिहास पुरा होत नाही. पण स्वतः बाई वीस वर्षे त्यापासून दूर राहिल्या.

तथापि गोष्ट इथे संपत नाही. करोनाच्या साथीत घरी बसल्या बसल्या केन नव्या पद्धतीची आज्ञावली शिकू लागले. कोणता खेळ करावा, असा प्रश्न निघाला. बाईंनी सुचवले, तीच जुनी गुहा! १९७९ साली नुसत्या शब्दांत पाहिलेली ती गुहा २०२३ च्या जानेवारीत त्यांनी चित्ररूपाने लोकांपुढे ठेवली. तेव्हा त्यांची सत्तरी जवळ आली होती.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत “बंद कर” म्हणण्याआधी एकदा मुलाशेजारी जाऊन बसा आणि “यात गोष्ट काय आहे रे?” असे विचारून पाहा. फराळ थोडा निवेल, एवढेच!